अपेक्षाचे चाळीस हात

न्हाय न्हाय, संस्कृते, ते खोड आदी. सुईचं नंतर येतंय. आदी अपेक्षा कोण ते लिही, न्हायतर वाचणाऱ्याला वाटंल कुणी डाक्टरीण हाय. डाक्टरीण न्हाय ती. आपल्या गोदावरीची लेक. गोदावरी म्हंजी कासारीण, कुंभारीच्या आपल्या कॉलनीत बांगड्या भरती ती. कासारीणच लिही, बँगलवाली लिहू नगंस. हां.

तर ही अपेक्षा सोलापूरच्या मुलींच्या कॉलेजात जाती. नुसत्या पोरींचं कॉलेज. एक पोरगी गाणं शिकती, एक इतिहास शिकती, एक मानसाच्या मनाचं काय असतंय ते शिकती, अन् ही जीवांचं शिकती. जीव म्हंजी सगळंच आलं की. गांडूळ, गोगलगाय, तू, मी. दुपारच्याला ह्या साऱ्या लिंबाखाली बसून एकमेकींचा डबा खात्यात. गाणंवाली हिला इचारती, "आज काय कापलंस गं?" ही म्हणती, "आता कापत न्हाईत, आता कंप्युटरवर बघतो. तू हात धुऊन खा गप."

पयल्या वर्साला लई अवघड गेलं पोरीला. सगळं इंग्रजीत. मॅडम 'सेल' म्हणल्या की हिला घड्याळाचा सेल आठवायचा. टिश्यू म्हणल्या की हाटेलातला कागद. पोरी हसल्या तर ही बी हसायची, अन् घरी येऊन तोंड फुगवून बसायची. मग तिनं काय केलं, बांगड्यांची जी रिकामी खोकी असत्यात न्हवं, त्येचे पुठ्ठे कापले. पुठ्ठ्याच्या एका अंगाला इंग्रजी शब्द, दुसऱ्या अंगाला आपला. चुलीपासनं न्हाणीपातुर पुठ्ठेच पुठ्ठे. गोदावरीला वाचता येत न्हाय, पर ती बी भाकरी थापता थापता हात दाखवायची, "ह्यो कोण गं?" अपेक्षा म्हणायची, "ह्यो काळीज." "अन् ह्यो?" "ह्यो मूत्रपिंड." "बाई बाई, त्येला पिठाच्या डब्यावर कशाला लावलास!"

असं करत करत पोरगी तिसऱ्या वर्साला गेली. एक इषय बी मागं राहिला न्हाय, हे लिही ठळक.

आता तिसऱ्या वर्साला ज्येनं त्येनं आपापलं एक काम करायचं असतंय, त्येला प्रोजेक्ट म्हणत्यात. बाकीच्या पोरींनी सोपं सोपं धरलं. कुणी वसतिगृहातल्या पोरींची उंची मोजली, कुणी कुंडीत मेथी लावली. ही उठून म्हणली, "मॅडम, मी आमच्या कॉलनीतल्या बायकांचं रक्त तपासते. चाळीस बायका."

ह्याला कारण हाय. आपल्या कॉलनीत घरोघर बाया तंबाकूच्या इड्या वळत्यात. सकाळी पाय मुडपून बसल्या की दिवस मावळंपातुर. अन् उठताना जिला बघावं ती भिताड धरती. "डोळ्यापुढं अंधारी आली गं," "चक्कर आली गं." हे ऐकतच मोठी झाली अपेक्षा. कुणी म्हणायचं नजर लागली, कुणी म्हणायचं उपास जास्त झालं. तिला वाटलं, एकदा मोजून तर बघू.

मॅडम चांगल्या हायत, पर नियमाला लई पक्क्या. म्हणल्या, "चाळीस म्हणालीस ना? मग चाळीसच. एकोणचाळीस झाल्या तर मी सही करणार नाही. संक्रांतीनंतरच्या सोमवारी वही माझ्या टेबलावर हवी." अन् सही न्हाय तर परीक्षेला बसता येत न्हाय. म्हंजी आख्खं वरीस गेलं. पोरीला तर फुडं यमेस्सी करायचं व्हतं, तिनं मनात कवाच ठरवून ठेवलं व्हतं.

तर मग तिनं काय केलं, कॉलेजातनं सामान आणलं. एक बारीक काचेची नळी, कसलंसं औषीध, कापूस, स्पिरीट, अन् पाकिटात बंद केलेल्या सुया, एका बाईला एकच सुई. मारुतीच्या देवळाच्या भिंतीला 'चाळीस बायका पाहिजेत' असा कागद चिकटवला, अन् दारोदार सांगत फिरली, "मावशे, रविवारी दहाला देवळात या, रक्तगटासाठी. काकू, या बरं का, रक्तगट हाय."

झालं! आमच्या बायांनी 'रक्त' ऐकलंच न्हाय. 'गट' तेवढा ऐकला.

रविवारी दहाला पोरगी देवळात जाऊन बघती तर बावीस बाया, नटूनथटून. हातात आधारकार्डाची झेरॉक्स, पासपोर्टचं फोटू. अपेक्षाच्या डोळ्यात पाणी आलं, का तर एवढ्या येतील असं तिला वाटलंच नव्हतं. ती टेबलाशी बसली, एकेकीचं नाव, वय लिहू लागली, सही घेऊ लागली. बाया भराभरा सह्या करायला लागल्या, अंगठं द्यायला लागल्या.

तेवढ्यात बजाबाई फुडं आली. तुला म्हायती हाय ती, वय सत्तर अन् जीभ इशीतली. कमरेवर हात ठिवून म्हणली, "आदी सांग, अध्यक्ष कोण?"

अपेक्षा म्हणली, "कशाची अध्यक्ष, आज्जी?"

"गटाची की! मागल्या गटात सचिव म्हणून मला नुसतं सतरंज्या घालायला लावल्या. ह्या खेपेला मी अध्यक्ष, न्हायतर माझा फोटू परत दे."

दुसरी म्हणली, "अन् चाळीस बायांचा गट कुटं असतोय? गट इसाचा असतोय. बँकेत चालणार न्हाय हे."

पोरीला मग उलगडलं. उभी राहिली, घाम पुसला, म्हणली, "मावशे, काकू, ह्यो बचतगट न्हाय. ह्यो रक्ताचा गट. प्रत्येकीच्या रक्ताचा एक गट असतो. मी बोटातनं एक थेंब घेणार, त्यातनं गट बी कळंल, अंगात रक्त किती हाय ते बी कळंल, बास." असं म्हणून तिनं सुईचं पाकीट उचलून दाखवलं.

बावीस बायांत पयली पळाली ती नागव्वा. अक्कलकोटकडची ती, घाबरली की कानडीच येतंय तिच्या तोंडातनं. "यव्वा! रक्ता? बेडा, नंगे बेडा!" म्हंजी नगं, मला नगं, करत चपला हातात घिऊनच पळाली. तिच्या मागं सगळ्या. बजाबाई तेवढी थांबली, आपला फोटू टेबलावरनं उचलला, पदराला पुसला, म्हणली, "पोरी, सह्या घेतल्यास त्या फाड माझ्यादेखत." फाडल्यावरच गेली.

संध्याकाळपातुर कॉलनीभर झालं, की नव्या गटात भरती व्हायचं असंल तर रक्त द्यावं लागतंय, अन् ते रक्त सोलापूरला जातंय. पोरगी रडली न्हाय, पर जेवली बी न्हाय. पुठ्ठ्यावरच्या शब्दांकडं बघत बसली. उरलं दोन हप्ते, अन् वहीत हात एक न्हाय.

गोदावरीनं ताट तसंच झाकून ठिवलं. घरात लई बोलणारी न्हाय ती बाई. सकाळी टोपली डोक्यावर घेताना एवढंच म्हणली, "अपेक्षे, तू बायांना बोलावलीस न्हवं, तितंच चुकलं. बाई बोलावून हात देत न्हाय. हात दिलेला असतो तवाच धरायचा. चल माझ्यासंगं, तुझी ती नळी घिऊन."

आता बघ, संक्रांत तोंडावर. सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला जायचं म्हणून बाया हात भरून घ्यायला आतुर. गोदावरी ओसरीवर टोपली उतरती, अन् बाई आपणहून फुडं बसती, पदर खोचून, डावा हात लांब करती. एकदा का हात कासारणीच्या हातात गेला, की त्यो त्या बाईचा न्हायच मग. साबणाचं पाणी लावायचं, अंगठा आत मुडपायचा, हाडं दाबायची, बांगडी चढवायची. दुखतं, पर 'आई गं' म्हणायचं न्हाय, बांगडी भरताना म्हणत न्हाईत. अन् गोदावरी त्या येळी मुद्दाम गप्पा मारती, म्हंजी ध्यान तितं राहत न्हाय.

नागव्वाच बसली व्हती पयली. गोदावरीनं डावा हात धरला अन् डोळ्यानं खुणावलं. अपेक्षानं सगळं उघडं सांगितलं बरं का, फसवलं न्हाय. म्हणली, "मावशी, उजव्या हाताच्या बोटातला एक थेंब घेऊ? न्हाय म्हणलीस तर न्हाय." नागव्वा पुन्यांदा "बेडा" करणार, तर गोदावरी म्हणली, "सुम्म कुंद्र, गप बस. माझ्या हातनं एवढ्या बांगड्या वाढल्या तुझ्या मनगटावर, काच रुतली, तवा न्हाय घाबरलीस? हिची सुई मुंगीएवढी बी न्हाय." नागव्वानं डोळं मिटलं, बोट दिलं. झालं की! डोळं उघडून इचारती, "आला का थेंब?"

तो थेंब नळीत घातला, औषीध घातलं, अन् लाल रक्त चहासारखं तांबूस झालं. मग अपेक्षा थेंब थेंब पाणी घालती अन् शेजारच्या काचेच्या रंगासंगं जुळवती; रक्त कमी असंल तर पाणी बी कमी लागतंय. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा, म्हंजी अंगात रक्त किती हाय ते; गटाचं तिनं सोडूनच दिलं व्हतं. कॉलेजच्या खोलीत मशीन हाय म्हणं, पर ओसरीवर हीच नळी.

बजाबाई तिसऱ्या दिवशी आली, बांगड्या न्हाईत भरायच्या म्हणत. बसली, बघितलं, अन् तिचंच बोट फुडं आलं. आकडा कमी आला. अपेक्षा हळू म्हणली, "आज्जी, रक्त वाढवाया पाहिजे."

बजाबाई उसळलीच. "वाढवाया? कासारणीच्या पोरी, बांगडी फुटली की आपण वाढली म्हणतो. माझं रक्त बी फोडतीस व्हय?"

सगळी ओसरी हसली. गोदावरी बी हसली, अन् लेकीला म्हणली, "भर घालायची म्हण. रक्तात भर घालायची हाय." तवापासनं अपेक्षा 'भर घाला' म्हणती. गूळ-शेंगदाणं खा, पालेभाजी खा, लिंबू पिळ, जेवणावर लगेच चहा पिऊ नगंस. अन् गोळी दवाखान्यातनं आण.

आता खरी गोष्ट ऐक, संस्कृते, हे नीट लिही. दुसऱ्याच दिवशी अपेक्षाच्या ध्यानात आलं, की नळीत आकडा येण्याआदीच आई पुटपुटती. बाईचा हात दाबला की गोदावरी हळूच म्हणती, "रिकामी." न्हायतर "मधली." न्हायतर "भरल्याली." अन् मागनं आकडा बी तसाच येतोय! अपेक्षा म्हणली, "आई, तुला कसं कळतंय?"

गोदावरी म्हणली, "त्यात काय कळायचं? तळहात दाबला की लाली पळती. भरल्या बाईची लगेच माघारी येती. रिकाम्या बाईची वाट बघावी लागती. तीस वर्सं हात दाबतीया मी. पर हे कुणाला सांगायचं? बांगड्या भरायला आलेल्या बाईला 'तुज्यात रक्त न्हाय' म्हणलं तर फुडच्या संक्रांतीला दुसरी कासारीण बघंल ती."

त्या दिवशी अपेक्षानं वहीत पट्टी धरून एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'गोदावरी'. आई पुटपुटली की हिकडं लिहायचं, नळीचा आकडा तिकडं. पुटपुटणं आदी, आकडा मागनं. पयल्या दिवशीच्या बायांचं हात बी आईकडनं पुन्यांदा दाबून घेतलं. अन् आकडा आईला सांगायचा न्हाय, ही शिस्त पोरीनं आपणहून पाळली. आई म्हणायची, "निदान बरोबर हाय का चूक तेवढं तरी सांग!" ही म्हणायची, "गप, परीक्षा चालू हाय तुझी."

शेवटी एकोणचाळीस बायांत तीस बरोबर निघाल्या. नऊ चुकल्या. चुकल्या कुटं ते बी पोरीनं हुडकलं. मेंदी काढलेल्या पाच, अन् तंबाकूनं तळहात पिवळं पडलेल्या चार. तिनं तसं लिहून ठिवलं, की इथं रंग दिसत न्हाय. बघ, आईची चूक बी झाकली न्हाय. माझं बी नाव हाय त्यात, तेराव्या ओळीत. 'मधली' हाय मी.

पर एकोणचाळीसच. चाळीसावी जी यायची ती बाई संक्रांतीला माहेरी गेली ती गेलीच. रविवार उजाडला, सोमवारी वही द्यायची. कॉलनीतल्या राहिलेल्या बाया गड्ड्याला गेलेल्या. अपेक्षा दारात उभी, हिकडं तिकडं बघती. मग मागं वळली.

"आई, तू बस."

"मी कशाला? कासारणीचं रक्त घेत न्हाईत."

"असं कुटं लिहिलंय?"

"सगळंच काय लिहिलेलं असतंय व्हय? माझं चांगलं हाय. भरल्याली हाय मी. लिही तसंच."

"बघितल्याबिगर लिहिलं तर मॅडम वही फेकतील."

गोदावरी टोपली आवरायला लागली. आवरलेलीच व्हती, तरी आवरायला लागली. तवा पोरीला कायतरी खटकलं. तिनं जाऊन आईचा हात धरला. आजपातुर हिनं त्यो हात धरला व्हता तो रस्ता ओलांडताना, ल्हान असताना. आता धरला तो आई धरती तसा, अंगठा आत मुडपून. अन् तळहात दाबला.

लाली पळाली. पळाली ती येईना. पोरगी वाट बघती. काय येईना.

"आई, तू सगळ्यांचं हात दाबतीस. तुझा कोण दाबतंय गं?"

मग गोदावरी खाली बसली. बोट दिलं. नळीत फारसं पाणी घालायची येळच आली न्हाय, थोड्या थेंबातच रंग जुळला. सहा पूर्णांक आठ. बारा पाहिजे तितं सहा! मग हळूहळू बोलली बाई. चार वर्सं झाली, महिन्याला अंगावरनं लई जात व्हतं. कुणाला बोलली न्हाय. टोपली डोक्यावर घेताना भिताड धरायची, अन् म्हणायची, टोपलीच जड झाली.

पोरीनं आकडा लिहिला. लिहावाच लागला, का तर तो चाळीसावा व्हता. अन् म्हणली, "उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात."

"उद्या तुझी वही हाय."

"वही मंगळवारी दिऊ."

"मंगळवारी घेणार हायत का तुझ्या मॅडम?"

पोरीनं सकाळच्या बससाठी पैसं मोजून ठिवलं.

सोमवारी बसमधे दोघींचं भांडण. अपेक्षा म्हणती दवाखान्यापातुर तिकीट, गोदावरी म्हणती कॉलेजपातुर. कंडक्टर म्हणला, "आज्जी-ताई, ठरवा लवकर, मागं लोकं हायत." गोदावरी म्हणली, "आज्जी कुणाला म्हणतोस रं?" अन् कॉलेजचा थांबा आला की ही बाई लेकीच्या हातातली वही घिऊन सरळ उतरली. आता काय करती पोरगी? उतरली मागनं.

मॅडमच्या खोलीत गोदावरी दारातच उभी. मॅडमनी वही चाळली. रकाना बघितला, वरचं नाव बघितलं, बरोबर-चुकीच्या खुणा बघितल्या. पान उलटून शेवटच्या ओळीला आल्या, तितं बी तेच नाव. आकड्याशी थांबल्या. वर बघितलं. दारात ही बाई, ओठ पांढरं फट्ट.

"ह्याच का गोदावरीबाई?"

"व्हय बाई," गोदावरी म्हणली.

मॅडम उठल्या, आल्या, तिचा तळहात दाबून बघितला अन् अपेक्षाला म्हणल्या, "अगं, यांना घेऊन इथं काय करतेस? आधी दवाखान्यात जा. वहीचं नंतर बघू."

"न्हाय," गोदावरी म्हणली अन् दाराची चौकट धरून उभी राहिली. "आदी सही. चाळीस म्हणला व्हता, चाळीस हायत. सही झाल्याबिगर मी हितनं हालत न्हाय."

मॅडमनी उभ्या उभ्याच सही केली. अन् पर्स घेतली, अन् रिक्षात ह्या दोघींसंगं बसल्या बी. दवाखान्यात रांगेत ह्या उभ्या राहिल्या तिघी, मॅडम, कासारीण अन् आपली अपेक्षा.

गोदावरीला सुईतनं लोहाचं औषीध चढवलं, चार खेपा जावं लागलं. पिशवीचं दुखणं व्हतं, त्याची बी औषीधं चालू झाली. परवा नळीत घातलं तर दहाच्या वर आलं. टोपली आता एका दमात उचलती अन् वर म्हणती, "हलकी झाली."

परीक्षेला भाएरनं आलेल्या सरांनी वहीतला रकाना बघून इचारलं, "या गोदावरी कोणत्या महाविद्यालयाच्या?" पोरीनं मान वर करून सांगितलं, "सर, त्या कुंभारीत बांगड्या भरतात. माझी आई." मराठीत सांगितलं. अन् मग चाळीस बायांचं सगळं, कुटं बरोबर, कुटं चूक, का चूक, ते फडाफडा इंग्रजीत सांगितलं. सेल बी म्हणली, अन् आता तिला घड्याळ आठवलं न्हाय. पयला नंबर न्हाय आला तिचा, तिसरा आला. तिसरा तर तिसरा! आपल्या कॉलनीतनं त्या कॉलेजात जीवांचं शिकून बाहेर पडलेली ती पयलीच. यमेस्सीचा फारम भरलाय. आता शनवारी ओसरीवर बसती, अन् बाया आपणहून बोट घिऊन येत्यात. बजाबाई रांग लावती, कुणी मधी घुसलं तर तिला भाएर काढती.

बास, एवढंच. न्हाय, थांब, एक राहिलं, खाली लिही. हे जे कोण वाचत असंल, ते अकलूजकडं जाणार असंल, तर दूध डेरीच्या मागं माझी धाकटी बहीण राहती, तिला भेटा. जिना चढताना दम लागतोय म्हणती, अन् उन्हाचं हाय म्हणून सोडून देती. माझं फोनवर ऐकत न्हाय ती, परक्या तोंडानं सांगितलं तर ऐकंल. तिला म्हणावं, थोरलीनं सांगितलंय, तळहात दाबून बघ, अन् लाली यायला येळ लागला तर उद्याच्या उद्या दवाखाना गाठ. सांगाल न्हवं?